दारू आणि पाणी

मथळा वाचून कोणी चमकू नये. ही दारू पेल्यातली नव्हे, काडतुसातली. तिच्यात पाणी घालावे की सोडा, हा वाद येथे नाही. तिच्यावर पाणी पडले तर काय होते, आणि ती पाण्याखाली नेली तर काय होते, एवढाच आपला प्रश्न आहे. आणि दिवाळीच्या दिवसांत तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. लांबलेल्या पावसाने सर्दावलेले फटाके सुपात घालून उन्हात ठेवणारी मंडळी अजून आपल्यात आहेत, आणि अशा न वाजलेल्या फटाक्यानेच मराठी भाषेला ‘फुसका बार’ हा बहुमोल शब्दप्रयोग दिला आहे.

आपल्या भाषेचा पाण्यावर एकूण फार विश्वास. मनसुब्यावर पाणी पडले की मनसुबा संपला, पैसा पाण्यात गेला की तो परत येत नाही, भांडणावर पाणी टाकले की भांडण मिटते. मग बंदूक पाण्यात गेली म्हणजे तिचीही कथा संपली, असे आपण सहजच धरून चालतो. वस्तुस्थिती मात्र याहून पुष्कळ चमत्कारिक आहे. पाणी दारूला विझवीलच असे नाही. सुटलेल्या गोळीला मात्र ते असे अडवते की पोलादी पत्र्याने तोंडात बोट घालावे. आणि स्फोट झाला, तर त्याला अडवायचे सोडून तेच पाणी त्याला खांद्यावर घेऊन दूरवर पोहोचवते. दारू, गोळी आणि स्फोट या तिघांशी पाणी तीन तऱ्हांनी वागते. या तीन तऱ्हांची गल्लत केली, तर प्रसंगी ती जिवावर बेतते.

प्लासीचा पाऊस

पहिली तऱ्हा इतिहासाने आपल्याला चांगली शिकवली आहे. २३ जून १७५७ रोजी प्लासीच्या आमराईपुढे सिराज-उद्दौल्याची प्रचंड फौज आणि क्लाइव्हची चिमूटभर पलटण समोरासमोर उभी होती. दुपारी पावसाची मोठी सर आली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्र्यांखाली झाकली. नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. आपली भिजली तशी त्यांचीही भिजली असेल, अशा समजुतीने नवाबाचा शूर सरदार मीर मदन चाल करून गेला आणि इंग्रजांच्या कोरड्या तोफांच्या तोंडी सापडून पडला. त्या लढाईत फितुरीचा वाटा किती, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ताडपत्रीचा वाटाही काही थोडाथोडका नव्हता.

त्या काळची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यातला सोरा पाण्यात मिठासारखा विरघळतो. तो विरघळून गेला की उरलेला कोळसा-गंधक कितीही पेटवा, धूर निघेल, बार निघणार नाही. त्यात पुन्हा ती पेटवायची जळत्या तोड्याने किंवा गारगोटीच्या ठिणगीने, आणि कानापाशी ठेवलेली दारू उघडी. पावसाच्या एका शिंतोड्याने बंदुकीची काठी होई.

या अडचणीवर पहिला तोडगा काढला तो एका पाद्रीबुवांनी. स्कॉटलंडातल्या अलेक्झांडर फॉर्सिथ या धर्मोपदेशकाला बदकांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी आणि उघड्या दारूचा भपका दिसताच बदके सावध होत, हे त्याचे दुःख. त्याने नुसत्या टोल्याने पेट घेणारे रसायन वापरले आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे टोपीची बंदूक आली, आणि नंतर गोळी, दारू व टोपी एकाच पितळी नळीत घट्ट बसवलेले काडतूस आले. पावसाची भीती तेव्हापासून ओसरली.

श्वास न घेणारा विस्तव

पण काडतुसात पाणी शिरत नाही, एवढ्याने पाण्याखाली बार उडेल का? चूल असो की मेणबत्ती, विस्तवाला हवा लागते. आणि पाण्याखाली हवा कोठून येणार?

याचे उत्तर सोऱ्यातच आहे. जळायला लागणारा प्राणवायू सोऱ्याच्या पोटातच भरलेला असतो. दारू बाहेरच्या हवेवर जगत नाही. ती आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघालेली असते. म्हणून तर चोहोबाजूंनी बंद असलेल्या काडतुसात ती जळू शकते. हल्लीच्या काडतुसात सोरा-गंधक नसून कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाचा प्रयोग करून केलेले नायट्रोसेल्युलोज असते. तेही आपला प्राणवायू स्वतःच बाळगते, आणि शिवाय पाण्यात विरघळतही नाही. कारखान्यांत ते सुरक्षित राहावे म्हणून ओलेच ठेवतात. अशी दारू भिजली म्हणून मेली, असे समजणे चूक आहे. वाळली की ती पुन्हा पहिल्यासारखी.

तेव्हा आजचे पिस्तूल पाण्याखाली धरून चाप ओढला, तर बहुधा बार होतो. होतो, पण सुखासुखी नव्हे. टोपीवर आदळणाऱ्या खिळीला वाटेतल्या पाण्याची उशी आडवी येऊन तिचा टोला मंदावतो. आपोआप पुढचे काडतूस चढवणारी यंत्रणा पाण्यात अडखळते. आणि नळीत भरलेले पाणी गोळीला आपल्यापुढे ढकलत न्यावे लागते, त्यामुळे नळीवर भलता ताण पडतो. पाण्यातून बाहेर आल्यावर नळी निथळून न घेता बार काढला, तर अडकून राहिलेल्या पाण्याने नळी फुटण्याची धास्ती असते. म्हणून नदी-नाले ओलांडणाऱ्या शिपायाला पहिला धडा मिळतो तो बंदूक निथळण्याचा.

मऊ पाण्याची कठीण भिंत

आता दुसरी तऱ्हा. बार झाला, गोळी सुटली. ती जाते कोठवर?

विहिरीत सूर मारताना ज्याचा नेम चुकला आणि जो पोटावर आपटला, त्याला पाणी किती कठीण असते हे कोणी शिकवायला नको. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. त्यातच विरोधाचा नियम असा की वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. जो सावकाश शिरेल त्याला पाणी वाट देते. जो धसमुसळेपणाने शिरेल त्याच्यापुढे ते भिंत होऊन उभे राहते. म्हणून जोरदार रायफलीची गोळी पाण्यात जास्त जाईल, हा आपला तर्क उलटा ठरतो. तिचा प्रचंड वेगच तिचा घात करतो. पाण्यावर आदळताच तिचे तांब्याचे कवच फाटते, शिसे विखुरते आणि तिचे तुकडे होतात. उलट पिस्तुलाची जाडजूड, संथ गोळी शाबूत राहून तिच्यापेक्षा खोल जाते. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात २००५ साली याचे प्रयोग झाले. जबरदस्त रायफलींच्या गोळ्यांचा ३ फुटांच्या आत भुगा झाला, तर पिस्तुलाच्या गोळीचे भय संपायला ८ फूट पाणी लागले.

२०१६ साली नॉर्वेच्या आंद्रेआस वाल या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने याहून धाडसाचा प्रयोग केला. पोहण्याच्या तलावात पाण्याखाली रायफल रोखून बसवली, आपण काही मीटरांवर तिच्या समोर उभा राहिला, आणि दोरी ओढून स्वतःवरच बार केला. गोळी बुडबुड्यांची रेघ ओढत निघाली आणि दोनएक मीटरांतच दम तुटून तळाशी गेली. हवेत हीच गोळी शेकडो मीटरांवर माणूस मारते. प्रयोग पाहावा, करू नये.

पाण्याच्या या गुणाचा गुन्हेतपासातही उपयोग होतो. प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतले आटे गोळीवर आपली खूण उमटवतात. ती पडताळायची तर गोळी शाबूत हाती यायला हवी, आणि भिंतीवर मारली तर ती चेपते. म्हणून प्रयोगशाळांत संशयित पिस्तुलातून पाण्याच्या लांब टाकीत बार काढतात. संथ गोळी हळूहळू थांबते आणि अंगावरच्या खुणांसकट तळाशी मिळते.

मग चित्रपटाचा नायक पुलावरून नदीत उडी घेतो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी गोळ्या सपसप खोल जातात, ते सारे खोटे का? पुष्कळसे खोटेच. पण यावरून ‘पाण्यात उडी मारली की वाचलो’ असा धडा मात्र घेऊ नये. गुडघाभर पाणी कोणालाच वाचवत नाही. शिवाय तिरकस मारलेली गोळी पाण्यात शिरतच नाही. मुले तळ्यावर खापरी फेकतात आणि ती टप्पे घेत पलीकडे जाते, तशी ती उसळून भलतीकडे जाते. पलीकडच्या काठावर कोण धुणे धूत बसले आहे, हे गोळी पाहत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर बंदूक रोखू नये, हा जाणत्या शिकाऱ्यांचा दंडक आहे तो याचसाठी.

पाणबुड्यांचे पिस्तूल

गोळी पाण्यात चालत नाही, ही गोष्ट आरमारांना काही काळ फार जड गेली. १९४१ च्या डिसेंबरात, १८ आणि १९ तारखांमधल्या रात्री, सहा इटालियन पाणबुडे तीन पाणतीरांवर घोड्यासारखी मांड ठोकून अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिशांच्या दोन बलाढ्य युद्धनौकांखाली सुरुंग लावले. त्यांच्यापैकी लुइजी दुरांद दे ला पेन्ने हा पकडला गेला. सुरुंग कोठे आहे हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. पण स्फोटाची वेळ भरत आल्यावर ‘व्हॅलियंट’च्या कप्तानाला, मॉर्गनला, त्याने तेवढी सूचना दिली. दोन्ही नौका बसक्या झाल्या. १९४५ साली या पराक्रमाबद्दल इटलीचे सुवर्णपदक त्याला मिळाले तेव्हा ते त्याच्या छातीवर लावले खुद्द मॉर्गनने! शत्रुत्वातही अशी माणुसकी क्वचित दिसते.

सहा माणसांनी दोन युद्धनौका निकामी कराव्यात, हे पाहून सर्वच आरमारांची झोप उडाली. असा माणूस पाण्याखाली गाठायचा तरी कसा? बंदूक चालत नाही. राहिली सुरी, नाहीतर माशाचा भाला. सोव्हिएत रशियाने यावर खास हत्यारे घडवली. १९७१ साली त्यांच्या आरमारात आलेल्या पिस्तुलाला चार नळ्या होत्या, आणि १९७० च्या दशकातच त्याच्या मागोमाग २६ काडतुसांची रायफल आली. दोन्हींचा कर्ता व्लादिमीर सिमोनोव्ह. यांत गोळीच्या जागी पोलादाचा लांबच लांब खिळा होता. पिस्तुलाचा ११५ मिलिमीटर, रायफलीचा १२० मिलिमीटर.

खिळा का? नेहमीची गोळी आट्यांमुळे भोवऱ्यासारखी फिरते आणि त्या फिरण्यानेच सरळ जाते. पण हवेच्या ८०० पट दाट पाण्यात तिला तसेच सरळ ठेवायचे, तर तिला सुमारे २८ पट वेगाने फिरवावे लागेल, आणि ते अशक्य. म्हणून पाण्यात गोळी लगेच कोलांटी खाते. रशियनांनी फिरवण्याचा नादच सोडला. नळीला आटे ठेवले नाहीत आणि लांबीने स्थिर राहणारा खिळा पत्करला.

त्या रायफलीचा पल्ला ५ मीटर खोलीवर ३० मीटर, आणि ४० मीटर खोलीवर जेमतेम ११ मीटर. पिस्तुलाचा पल्ला त्याच खोल्यांवर १७ आणि ६ मीटर. आणि गंमत अशी की पाण्यात सुमारे २,००० बार टिकणारी ती रायफल हवेत वापरली तर १८० बारांतच निकामी होई. माशाला किनाऱ्यावर काढावे तसे! जर्मनांनी याच सुमारास केलेल्या पाच नळ्यांच्या पिस्तुलाला तर टोपीही नव्हती. बॅटरीच्या विजेने बार होई, आणि पाच बार संपले की नळ्यांचा जुडगा पुन्हा भरायला कारखान्यात पाठवावा लागे.

बुडबुड्याची करामत

खोली वाढली की पल्ला का घटतो? येथे एका बुडबुड्याची करामत आहे. त्या खिळ्याचे टोक सुईसारखे नव्हते, बोथट होते. बोथट टोक पाण्याला असे जोराने बाजूला सारते की त्याच्यामागे क्षणभर पोकळी पडते आणि तीत पाण्याची वाफ भरते. खिळा मग पाण्यातून जात नाही, या बुडबुड्यातून जातो. पाण्याला टेकते ते फक्त टोक. पण दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ४० मीटरांवर तो पृष्ठभागावरच्या पाचपट असतो. दाबाने पोकळी लवकर मिटते, पाणी खिळ्याला कवटाळते आणि त्याची धाव संपते.

माणसाने ही युक्ती काढण्याच्या कितीतरी आधी एका कोळंबीला ती साधली होती. पिस्तूल कोळंबी म्हणून ओळखला जाणारा हा बोटभर जीव आपल्या कोकण किनाऱ्यावरही आढळतो. तिची एक नांगी अवाढव्य असते. ती नांगी झटक्याने मिटते, पाण्याची धार उडते, मागे बुडबुडा उठतो आणि फुटतो. त्या फुटण्याच्या तडाख्याने समोरचा बारीक जीव गारद होतो. आवाज नांगीवर नांगी आपटल्याचा, असेच सर्वांना वाटे. तो बुडबुडा फुटल्याचा आहे हे २००० साली अतिवेगवान छायाचित्रणाने सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी असे आढळले की त्या क्षणी डोळ्यांना न दिसणारी प्रकाशाची ठिणगीही पडते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांची चाहूल घेणाऱ्यांचे कान या कोळंब्यांच्या कडकडाटाने किटले होते, आणि अमेरिकन पाणबुड्या त्याच कडकडाटाच्या आडोशाने लपत.

स्फोटाचे वाहन

आता तिसरी तऱ्हा, आणि सर्वांत घातक. गोळीला अडवणारे पाणी स्फोटाला अडवत नाही. हवा दाबली की दबते; स्फोटाचा पुष्कळसा जोर ती स्वतःतच जिरवते. पाणी जवळजवळ दबतच नाही. स्फोटाचा धक्का ते जसाच्या तसा, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने पुढे देते. माणसाचे शरीरही बहुतांशी पाणीच. धक्का कातडीपाशी थांबत नाही. तो आत शिरतो आणि जेथे हवा असते तेथे, म्हणजे फुप्फुसांत आणि आतड्यांत, फाडाफाड करतो. महायुद्धात बुडत्या जहाजावरून उड्या टाकलेले कितीतरी खलाशी अंगावर ओरखडाही नसताना दगावले; जवळपास फुटलेल्या पाणसुरुंगांनी त्यांना आतून मारले होते. काही वेळा तर ते सुरुंग त्यांच्याच पक्षाचे असत.

माशांचे हेच होते. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. नदीत सुरुंग उडवून मासे मारण्याची दुष्ट चाल आपल्याकडेही होती. १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच तो गुन्हा ठरवला. सुरुंगाच्या टप्प्यात मोठे मासे येतात, पिल्ले येतात, अंडी येतात, आणि कधी कधी सुरुंग टाकणाऱ्याचा हातही येतो.

हा गुण ओळखून बार्न्स वॉलिस या इंग्रज अभियंत्याने जर्मनीची धरणे फोडली. त्याचा पिंपासारखा बाँब उलटा गरगरत पाण्यावर टप्पे घेत धरणापर्यंत जाई, भिंतीला लागून खाली उतरे आणि ३० फूट खोलीवर फुटे. पाठीमागचे पाणी स्फोटाला मागे सरू देत नसे. सारा जोर भिंतीवर पडे. १६ मे १९४३ च्या रात्री १३३ वैमानिक त्या कामगिरीवर निघाले, त्यांतले ५३ मारले गेले. म्योने आणि एडर ही धरणे फुटली. पुरात तेराशेच्या आसपास माणसे बुडाली, आणि त्यांत सक्तीने राबवायला आणलेले परदेशी मजूर शेकड्यांनी होते.

तळाशी पडलेले

या तिन्ही तऱ्हा ध्यानात घेतल्या म्हणजे समुद्राच्या तळाशी पडलेल्या दारूगोळ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटते. १९५५ च्या २९ ऑक्टोबरला सेवास्तोपोल बंदरात ‘नोव्होरोसिस्क’ ही सोव्हिएत युद्धनौका स्फोटाने उलटली आणि सहाशेहून अधिक खलाशी मेले. इटालियन पाणबुड्यांचा संशय पुष्कळांनी घेतला. पण चौकशी समितीचा कौल पडला तो युद्ध संपून दहा वर्षे झाली तरी चिखलात राहिलेल्या जर्मन सुरुंगाकडे. १९४४ च्या ऑगस्टात थेम्स नदीच्या मुखाशी वाळूत रुतून दुभंगलेल्या ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके राहून गेली. ती काढणे धोक्याचे आणि ठेवणेही धोक्याचे, म्हणून त्या जागेभोवती जहाजांना मज्जाव करून पहारा ठेवावा लागला. लोखंड गंजते, पण आतली स्फोटके गंजत नाहीत.

जवळजवळ तेवढीच स्फोटके त्याच साली आपल्या मुंबईतही आली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. बंबवाल्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी ओतले. कापूस धुमसतच राहिला, आणि चारच्या सुमारास जहाज फुटले. मृतांचा आकडा वेगवेगळ्या हिशेबांत ८०० पासून १,३०० पर्यंत जातो. त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

त्या जहाजावर सोन्याच्या लगडीही होत्या. स्फोटात त्या उधळल्या, आणि बऱ्याचशा गोदीच्या पाण्यात गेल्या. पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना त्यांतल्या काही निघत राहिल्या. २०११ साली त्याच गोदीतून एक जिवंत तोफगोळाही निघाला, आणि तो निकामी करायला जाणकार बोलवावे लागले. सोने आणि दारू, दोन्ही पाण्यात गेली होती. दोन्ही परत आली. पाण्याने दोघांचेही काही बिघडवले नव्हते.